गुडघाभर पाण्यातली ओढ

रिसोडच्या बाजूला पोहणं शिकायचं ते विहिरीत, कमरेला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून. पुढे पैनगंगेचा डोह. खारं पाणीही नवं नाही, लोणारचं सरोवर जवळच आहे. या सगळ्या पाण्यांनी एकच भीती शिकवली: खोलीची. समुद्र मात्र गुडघा-कमरेएवढ्या पाण्यातूनही माणूस नेतो, आणि कसा नेतो ते समजलं की थक्क व्हायला होतं.

लाटा सतत पाणी किनाऱ्याकडे लोटतात. हे सगळं पाणी परत कुठून जात असेल? पाण्याखालच्या वाळूच्या बांधाला जिथे खिंड पडलेली असते, तिथून. चिंचोळ्या वाटेने ते समुद्राकडे धावतं, याला रिप करंट म्हणतात. त्याचा वेग कधी सेकंदाला 2 मीटरच्या पुढे जातो. 100 मीटर फ्रीस्टाइलचे जगज्जेते साधारण एवढ्याच वेगाने पोहतात! आणि वरून पाहावं तर हीच जागा सगळ्यांत शांत दिसते. दोन्हीकडे लाटा फेसाळत फुटतात, मधला पट्टा सपाट. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो.

ही ओढ तळाला नेत नाही, बाहेर नेते. लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे तिचा जोर ओसरतो. माणूस बुडतो तो बहुधा किनाऱ्याकडे सरळ हातपाय मारून दमल्यामुळे. तिच्याशी झुंजू नये, तरंगत राहावं, किनाऱ्याला समांतर पोहत वाटेबाहेर पडावं आणि मग लाटांबरोबर परत यावं.

1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडला पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले. 15 एप्रिल 2017 ला मालवणजवळ वायरीला बेळगावचे 8. पुणं आणि बेळगाव, दोन्ही समुद्रापासून लांब, आणि दोन्ही वेळा सहली. ही नावं आठवली की आजही पोटात कालवतं. पण किनाऱ्यावर वाढल्याने कुणी सुटत नाही. जून 2023 मध्ये, बिपरजॉय वादळाने समुद्र खवळलेला असताना, जुहूला मुंबईचीच मुलं गेली.

रिसोडहून निघण्याआधी एक गोष्ट घरबसल्या कळू शकते. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी पाहा आणि तिची पाऊणपट करा. एकादशी असेल तर 11 ची पाऊणपट सव्वाआठ. कोकण किनाऱ्यावर त्या दिवशी सकाळी आणि रात्री साधारण सव्वाआठला पूर्ण भरती. पुढचे सहा तास ओहोटी, तेव्हा बाहेरची ओढ बहुधा वाढते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात, म्हणून उधाण. उपासाची तिथी आणि समुद्राची वेळ एकाच चंद्रावर चालते!

ओढ नेमकी कुठे आहे, हे मात्र तिथल्या कोळ्यालाच विचारावं लागतं, तेही दर वर्षी नव्याने. पावसाळ्यात वाळूचे बांध सरकतात, त्यांच्याबरोबर खिंडीही.