चलचित्र-संकलन आणि घरचा संगणक

उन्हाळ्यात कोरडा पडलेला बंधारा आणि पावसाळ्यात भरून वाहणारा तोच बंधारा, ही दोन दृश्ये शेजारी ठेवली की पाणलोट विकासाविषयी फार बोलावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) राळेगणसिद्धी व हिवरे बाजार ही गावे अशाच कामासाठी देशभर ओळखली जातात. आपल्या गावातील कामाचे चित्रण आज शिक्षक वा पंचायत सदस्य मोबाईलवर स्वतः करू शकतात. अडचण येते ती संकलनाच्या वेळी. घरचा संगणक दृश्य अडखळत दाखवू लागतो आणि नवे यंत्र घ्यावे लागेल, असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा तो घाईचा असतो.

एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. सेकंदाला अशा २५ ते ३० चौकटी लागतात. फोर-के चित्रणात बिंदू चौपट होतात. एवढी सामग्री जशीच्या तशी साठविणे परवडत नाही, म्हणून मोबाईल एक चौकट पूर्ण ठेवतो व पुढील अनेक चौकटींत केवळ काय बदलले याची नोंद करतो. हिशेबाच्या वहीत रोजची शिल्लक मांडलेली नसेल आणि महिन्यामधल्या एखाद्या दिवसाची शिल्लक हवी असेल, तर आरंभीच्या शिल्लकेपासून जमाखर्च मांडीत यावे लागते, तसेच हे आहे. संकलन करणारा सतत मागेपुढे जातो आणि प्रत्येक वेळी संगणकाला हा हिशेब नव्याने करावा लागतो. हा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. केवळ हार्ड डिस्क बदलून अडखळणे थांबत नाही, ते यामुळेच.

यावरील उपाय बिनखर्ची आहे. दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती, केडेनलाइव्ह, शॉटकट या प्रणालींत मूळ चित्रणाची कमी बिंदूंची, हाताळण्यास हलकी प्रत तयार करता येते. तिला प्रॉक्सी म्हणतात. कापणे-जोडणे त्या प्रतीवर करावयाचे. अंतिम चित्रपट मात्र मूळ चित्रणातून तयार होतो, त्यामुळे दर्जा घटत नाही. प्रती तयार होण्यास वेळ लागतो. ते काम रात्री लावून ठेवावे.

त्यानंतरही खर्च करावयाचा असेल, तर प्रथम रॅम १६ जीबीपर्यंत वाढवावी. रॅम अपुरी पडली की संगणक तिचे काम मंद डिस्कवर ढकलतो. पुढे कार्यप्रणाली व चालू काम यांसाठी एसएसडी घ्यावी.

उष्णतेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फार तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. पंख्यातील धूळ काढावी, संगणक बंद कपाटात ठेवू नये. आणि त्याच्यावर कौतुकाने घातलेले भरतकामाचे आच्छादन निदान काम चालू असताना तरी दूर करावे!

वीज खंडित होते तेथे यूपीएस आवश्यक आहे. प्रॉक्सी पुसल्या गेल्या तरी पुन्हा तयार होतात; गेल्या उन्हाळ्यातला कोरडा बंधारा पुन्हा चित्रित करता येत नाही. म्हणून संकलनास आरंभ करण्यापूर्वीच मूळ चित्रणाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ती घराबाहेर, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी.