मातीचे औषध आणि अतिसार

माती हे मानवाच्या अतिप्राचीन औषधांपैकी एक होय. इजियन समुद्रातील लेम्नॉस बेटावरील मातीच्या वड्या करून, त्यांवर मुद्रा उमटवून त्या विकल्या जात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन हा विख्यात वैद्य स्वतः त्या बेटावर गेला आणि विषबाधा व जखमा यांवर वापरण्यासाठी अशा हजारो वड्या घेऊन आला. पुढे विसाव्या शतकात केओलिन ही शुभ्र चिनी माती आणि फळांतील पेक्टिन यांचे मिश्रण अतिसारावर सर्रास दिले जाऊ लागले. स्मेक्टाइट नावाची माती आजही अनेक देशांत या कामी वापरली जाते.

या मातीचा गुण कशात आहे? स्पंज पाणी आपल्या पोटात घेतो, त्यास शोषण म्हणतात. पाटीवर खडूची धूळ नुसती पृष्ठभागाला चिकटून राहते. मातीचे कार्य या दुसऱ्या प्रकारचे असून त्यास अधिशोषण असे नाव आहे. स्मेक्टाइटचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात. आतले-बाहेरचे सर्व पृष्ठभाग मोजले, तर एका ग्रॅममागे ते शेकडो चौरस मीटर भरतात. आतड्यातील काही विषद्रव्ये या पापुद्र्यांना चिकटतात आणि न पचलेल्या मातीबरोबर शरीराबाहेर पडतात. मलही दाट होतो.

परंतु मल दाट झाला म्हणजे रोगी वाचला, असे नव्हे. तीव्र अतिसारात, विशेषतः पटकीत, जीव जातो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. आणि ही हानी माती भरून काढू शकत नाही. ती भरून काढते मीठ-साखरेचे योग्य प्रमाणातील पाणी, म्हणजेच जलसंजीवनी. ग्लुकोजच्या सोबतीने आतडे सोडियम आत घेते आणि त्यामागोमाग पाणीही जाते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत हे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरून असंख्य प्राण वाचविले.

मग माती निरुपयोगी ठरते काय? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार स्मेक्टाइटमुळे मुलांचा अतिसार सुमारे एक दिवस लवकर थांबत असावा. मात्र हा पुरावा भक्कम नाही. शिवाय माती इतर औषधेही धरून ठेवते, म्हणून ती त्यांच्याबरोबर घेऊ नये. मातीत शिशाचा अंश असू शकतो, या कारणाने फ्रान्सने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील बालकांना ती न देण्याचा सल्ला दिला. शेतातील वा अंगणातील माती तर औषध नव्हेच. तीत जंतांची अंडी व रोगजंतू असू शकतात.

तात्पर्य, अतिसार होताच प्रथम जलसंजीवनी द्यावी, अंगावरचे दूध व आहार चालू ठेवावा आणि मुलांना वैद्यकीय सल्ल्याने १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. मलात रक्त दिसल्यास, डोळे खोल गेल्यास अथवा मूल मलूल झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. मातीचे स्थान साहाय्यकाचे आहे. प्राण राखते ते पाणी.