चेहरा न दाखवणारा हिरो

सिनेमाचा हिरो कोण? ज्याचा चेहरा सारखा दिसतो तो! पण १९३३ सालच्या एका अमेरिकन सिनेमात हिरोचा चेहरा दिसतो तो अगदी शेवटी, काही क्षणांपुरता. सिनेमा होता 'द इन्व्हिजिबल मॅन', म्हणजे अदृश्य माणूस. आणि नट होता क्लॉड रेन्स. चाळिशी उलटलेला हा इंग्रज गडी बोलपटात पहिल्यांदाच आला, तोही गायब होऊन!

क्लॉडचा जन्म १८८९ चा, लंडनचा. लहानपणी तो अडखळत बोले आणि 'र' तर त्याला जमतच नसे. (आडनाव रेन्स! काय ही पंचाईत.) नाटकाच्या जगात तो शिरला खरा, पण विंगेतून. हिज मॅजेस्टीज थिएटरात नटांना एन्ट्रीची वर्दी देणारा पोऱ्या, मग प्रॉम्प्टर. तिथले मोठे नट हर्बर्ट ट्री यांनी पदरचे पैसे घालून त्याचे उच्चार घासूनपुसून घेतले. पुढं पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं एका डोळ्याची नजर जवळजवळ गेली; आवाज मात्र असा खणखणीत झाला, की दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनी त्या आवाजासाठीच त्याला निवडलं.

बरं, पण माणूस गायब केला कसा? तेव्हा कॉम्प्युटर कुठला! ट्रिक सीनवाले जॉन फुल्टन यांनी शोधली काळी मखमल. मागं पडदा मखमलीचा, नटाचं अंग, डोकं, हातसुद्धा मखमलीत गुंडाळलेले, आणि वर साधा शर्ट. मखमलीचे तंतू असतात उभे. त्यांच्या दाटीत शिरलेला प्रकाश आतल्या आतच टोले खात जिरून जातो, बाहेर फारसा येतच नाही. प्रकाश नाही, तर फिल्मवर चित्र नाही! उरतो फक्त नाचणारा शर्ट. मग कोऱ्या राहिलेल्या जागी, वेगळं शूटिंग केलेली खोली छापायची. आत गुंडाळलेल्या माणसाला श्वासासाठी नळीतून हवा द्यावी लागे. हिरो होणं सोपं नाही, बाबांनो.

तुम्हीही करून पाहा. अंधाऱ्या खोलीत काळ्या मखमलीचा तुकडा आणि काळी प्लॅस्टिकची पिशवी शेजारी ठेवा, दोन्हींवर टॉर्च मारा. जास्त काळं कोण दिसतं, ते बघा!