बी.कॉम. झाले, आता एम.कॉम. की दुकान?

निकाल लागला की व्यापारी घरात प्रश्न निघतोच. आपल्या शहरात १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि १९६३ साली डॉ. रफिक झकेरिया यांचे मौलाना आझाद कॉलेज निघाले. उच्च शिक्षण दाराशी आले. मुलाला प्राध्यापक व्हायचे असेल तर एम.कॉम. हवेच. कापडाचा पोत, उधारी-वसुली मात्र गादीवरच कळते. हिमरूचा हात मागावरच बसतो. दोन्ही साधायचे तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. दिवसा दुकान, रात्री अभ्यास. पण दुकानात माणूस कमी आहे एवढ्यासाठी हुशार मुलाचे शिक्षण तोडू नका. नोकर पगारावर मिळतो, निघून गेलेली दोन वर्षे मिळत नाहीत. मुलींनाही हाच हिशेब लावा.