हाताची स्थिरता

उल्हास नदीकाठच्या बदलापूर गावात गणेशचतुर्थीपूर्वी मूर्तींच्या कारखान्यांतून रंगकामाची घाई असते. मूर्तीचे अंग रंगविण्यास शिकाऊ हातही चालतो. डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या कारागिराकडेच सोपविली जाते. कारण उघड आहे. पापणीची रेघ केसभर ढळली, तरी देवाची नजर बिघडते.

अशा कारागिराचा हात मुळीच कापत नसावा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदास सुमारे ८ ते १२ वेळा सूक्ष्म कंप असतोच. मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणाऱ्या प्रेरणा अखंड धारेने येत नाहीत. शिवाय हृदयाच्या ठोक्याचा धक्काही बोटांपर्यंत पोचतो. थकवा, जागरण, भूक, भीती आणि चहा-कॉफीचा अतिरेक यांनी हा कंप वाढतो.

त्याची परीक्षा घरीच घेता येते. हात समोर ताठ धरून बोटांवर पातळ कागद ठेवावा. कागदाची कड थरथरते ती या कंपामुळेच. नंतर मनगट न टेकविता, वेढ्यांतील अंतर सारखे राखीत, कागदावर शाईने चकली काढावी. कागदावर तारीख घालून तो जपावा आणि महिन्याने त्याच वेळी पुन्हा चकली काढून दोन्ही ताडून पाहाव्यात.

सुधारणेचे उपाय तीन. पहिला आधार: करंगळी टेकविली व कोपर अंगालगत ठेवले, की कंपाला फारसा वाव उरत नाही. दुसरा श्वास: नेमबाज श्वास सोडून क्षणभर थांबतो आणि मगच चाप ओढतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तीत गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून नेम साधावा लागतो. उभ्याने आधार सर्वांत कमी; म्हणून तेथे श्वासाचे नियमन विशेष उपयोगी पडते. तिसरा सराव: रोज पाव तास, लेखणी सैल धरून, संथ व एकाच गतीने रेघा ओढाव्यात.

मात्र कंप एकाएकी सुरू झाला, एकाच हाताला जाणवला किंवा हात मांडीवर विसावला असतानाही थांबेना, तर सरावावर विसंबून राहू नये. अशा वेळी वैद्यकीय तपासणी विनाविलंब करून घ्यावी.