वाई: कृष्णाकाठी दोन निवांत दिवस

शनिवार-रविवार मोकळा असेल, तर वाई गाठावी. पुण्याहून येताना खंबाटकी घाट उतरला की सुरूरपाशी उजवीकडे वळायचं. बहुतेक गाड्या पसरणी घाटाने थेट पाचगणीला जातात, त्यामुळे वाईत नदीच्या घाटावर सकाळी भरपूर शांतता मिळते.

ढोल्या गणपतीचं देऊळ मागूनही जरूर पाहावं! १७६२ साली रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत नावेच्या नाळेसारखी निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं.

मेणवली जवळच. नाना फडणवीसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर इथे आलेली चर्चची घंटा. तिच्यावर १७०७ हे साल कोरलेलं आहे.

पावसाळा ओसरल्यावर, पायऱ्यांवरचं शेवाळ वाळलं की निघावं.