लाल जिभेचा कॅमेरा

मध्यमवर्गीय घरातल्या कपाटात, वरच्या फळीवर, लोकरी कपड्यांच्या मागे एक कातडी पेटी बहुधा असतेच. त्या पेटीत कॅमेरा असतो, आणि तो बंद असतो. कधी बंद पडला आणि कशाने, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. टाकवत नाही म्हणून तो ठेवलेला असतो आणि चालत नाही म्हणून कोणी काढत नाही. अशाच एका कॅमेऱ्याची ही हकीकत आहे. ती वाचून एखाद्या वाचक-भगिनीने आपल्या घरची पेटी खाली उतरवली, तर हा लेख सार्थकी लागला असे मी समजेन.

आमच्याकडचा कॅमेरा माझ्या वडिलांचा. नाव ऑलिंपस ट्रिप ३५. आप्पांना त्यांच्या कारखान्याने १९७४ साली आठ महिन्यांसाठी बर्मिंगहॅमला पाठवले होते. तिथे भत्त्यातले पैसे वाचवून त्यांनी तो घेतला. त्या काळी आपल्याकडे एखाद्या घरी कॅमेरा असलाच, तर तो बडोद्याला तयार होणारा आग्फाचा क्लिक-थ्री असायचा. एका फिल्मवर बारा चौकोनी फोटो, की संपले. त्यामुळे छत्तीस फोटो काढणारा आणि उजेडाचा हिशेब स्वतः करणारा हा जपानी पाहुणा आमच्या वाड्यात मोठ्या अपूर्वाईचा ठरला. आमची बारशी, मुंजी, सहली, साऱ्यांचा तो साक्षीदार. पुढे नवे कॅमेरे आले, मग मोबाईल आले, आणि ट्रिप वरच्या फळीवर गेला.

गेल्या वर्षी आप्पा आमच्याकडे राहायला आले. वय ८६. डोळ्यांच्या पडद्याला विकार झाल्यामुळे त्यांना समोरचे धूसर दिसते, कडेचे तेवढे दिसते. वाचन सुटले, दूरदर्शन सुटले. दिवस नुसता बसून जाई. एके दिवशी एकाएकी म्हणाले, "सुमे, माझा कॅमेरा कुठंय गं?"

माझ्या मुलाने लगेच आपला मोबाईल आजोबांच्या हातात दिला. मोबाईलमध्ये हल्ली न दिसणाऱ्यांसाठी बोलून सांगण्याची सोयही असते. त्याने हौसेने ती सुरू करून दिली. आप्पांनी त्या गुळगुळीत काचेवरून बोट फिरवले आणि तो परत केला. म्हणाले, "यात बोटाला काही लागतच नाही रे. माझा ट्रिप मी डोळे मिटून चालवीन."

मला ते म्हाताऱ्या माणसाचे वेड वाटले. पण कॅमेरा खाली काढून त्याची रचना समजून घेतली, तेव्हा आप्पांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे हे कळले.

चंद्राच्या नावाचे मूलद्रव्य

ट्रिप १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाला आणि १९८४ पर्यंत बनत राहिला. पन्नास लाखांहून अधिक विकला गेला. इंग्लंडात तर डेव्हिड बेली या नामवंत छायाचित्रकारालाच त्याच्या जाहिरातींत उभे केले होते. एवढे असून या कॅमेऱ्यात बॅटरी नाही. भिंगाभोवती मधाच्या पोळ्यासारखी खडबडीत दिसणारी एक गोल पट्टी आहे. तिच्याखाली सेलेनियमचा पडदा असतो. सेलेनियम हे मूलद्रव्य बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८१७ साली शोधले आणि ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून त्याला नाव दिले. या पडद्यावर उजेड पडला की अगदी किंचित वीज निर्माण होते. त्या विजेने आतला एक काटा हलतो. खटका दाबू लागले की तो काटा असेल तिथे चिमटीत पकडला जातो, आणि काटा कुठे सापडला त्यावरून भिंगामागचे छिद्र किती उघडायचे ते ठरते. शटरचे वेग दोनच, सेकंदाचा दोनशेवा भाग आणि चाळिसावा भाग. उजेड भरपूर असेल तर पहिला, कमी असेल तर दुसरा. निवड कॅमेराच करतो.

आणि उजेड फारच कमी असेल तर? तर पाहण्याच्या खिडकीत खालून एक लाल पट्टी वर येते आणि खटका दाबलाच जात नाही. ही युक्ती ऑलिंपसने १९६१ च्या पेन ईई या कॅमेऱ्यात आणली होती. जपानी लोक तिला 'लाल जीभ' म्हणतात. आप्पांना ती लाल जीभ आज दिसत नाही. पण खटका अडला, हे बोटाला कळते. 'इथे उजेड पुरत नाही, बाहेर चला,' असे कॅमेरा बोटाच्या भाषेत सांगतो.

अंतराचेही तसेच. भिंगाभोवतीच्या कड्यावर चारच थांबे: एक मीटर, दीड मीटर, तीन मीटर आणि लांबचे डोंगर. प्रत्येक थांब्याला कडे हलकेच अडते. एका टोकाला नेऊन मोजत आले की झाले. आप्पांचे एक पाऊल दोन फुटांचे. पाच पावले म्हणजे तीन मीटर. शिवाय स्वच्छ उन्हात छिद्र लहान असते, तेव्हा तीन मीटरवर लावलेला कॅमेरा साधारण दोनपासून पाच मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट टिपतो. पाऊल थोडे चुकले तरी फोटो चुकत नाही.

शिवणयंत्राचे शहाणपण

पण आमचा ट्रिप बंद होता. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, ह्याचे पार्ट मिळत नाहीत आता. शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल." मी तीस वर्षे शिवणकाम शिकवले आहे. वर्गातली वीस यंत्रे मीच उघडून साफ करीत असे. ज्याला स्क्रू आहेत ते उघडते, आणि जे उघडते ते बहुधा सुधारते, असा माझा अनुभव. मी कॅमेरा घरी आणला आणि यंत्राची पेटी काढली.

प्रथम पडदा जिवंत आहे का ते पाहावे. कड्यावरचे 'ए' अक्षर खुणेवर आणून भिंग हाताने झाकले व खटका दाबला. लाल जीभ वर आली. मग खिडकीच्या उजेडाकडे धरून दाबला. जीभ आली नाही, खटका खाली गेला. म्हणजे इतक्या वर्षांनी पडदा शाबूत होता. तो मेला असता तर उन्हातही जीभ वर आली असती.

नंतर छिद्र पाहावे. फिल्म नसताना मागचे दार उघडून, कडे २.८ वर ठेवून खटका दाबावा, मग २२ वर ठेवून दाबावा. पहिल्या वेळी छिद्र मोठे आणि दुसऱ्या वेळी टाचणीच्या डोक्याएवढे दिसले पाहिजे. आमच्याकडे दोन्ही वेळा ते टाचणीएवढेच. रोग सापडला!

हा या कॅमेऱ्याचा नेहमीचा आजार आहे. भिंग फिरण्यासाठी कारखान्यात लावलेल्या ग्रीजमधला तेलाचा अंश वर्षानुवर्षांच्या उष्म्याने पसरत छिद्राच्या पात्यांवर येतो. पाती कागदासारखी पातळ, त्यांना ओढणारी स्प्रिंग केसासारखी. तेलाने ती एकमेकींना चिकटतात. शिवणयंत्र अडले की आपण तेल सोडतो. इथे तेल हेच विष! ही पाती कोरडीच चालतात.

पुढच्या कड्यांचे बारीक स्क्रू घड्याळजीच्या पेचकसाने ढिले करून कडी एकेक काढली. भिंग नेमके किती फिरवलेले होते त्याची खूण आधी सुईने करून ठेवली. ही खूण फार महत्त्वाची, नाहीतर डोंगर कायमचे धुक्यात जातात. पात्यांवर लायटरमध्ये भरायच्या द्रवाचा, म्हणजे नॅफ्थ्याचा, एकेक थेंब कापसाच्या काडीने सोडला. पाती हलवली, टिपली, वाळू दिली. असे तीनदा. चौथ्या वेळी छिद्र टचकन उघडले आणि मिटले. नॅफ्था पटकन पेट घेतो. शेगडी, निरांजन, पणती यांच्यापासून दूर, खिडक्या उघडूनच हे काम करावे.

मागच्या दाराच्या खाचांतला काळा फोम डांबरासारखा चिकट झाला होता. तो दातकोरणी आणि स्पिरिटने खरवडला. त्याजागी काळ्या लोकरीचा धागा बसवला आणि बिजागरीपाशी काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली. उजेड अडवायला एवढे पुरते. कातडी पेटी मात्र निवृत्त केली. कातडे ओल धरते, ओलीने भिंगावर बुरशी येते आणि सेलेनियमलाही ओल बाधते. आता ट्रिप घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह राहतो.

छत्तीस

फिल्म आजही विकत मिळते. ती स्वस्त नाही, धुऊन यायलाही दिवस लागतात. आप्पांनी कॅमेरा हातात घेतला आणि त्यांची बोटे आपणहून जागच्या जागी गेली. "बोल काहीतरी," ते मला म्हणाले. आवाजाच्या दिशेने वळले, पाच पावले मागे मोजली, कडे फिरवले, दाबले. मग सकाळ-संध्याकाळ हाच उद्योग. शेजारच्या मुलांना "बोला रे" म्हणत हे गॅलरीत उभे. संध्याकाळी खटका अडला की स्वतःच सांगत, "झाला आजचा उजेड." जो माणूस दिवसभर खुर्चीतून हलत नव्हता, तो उजेड शोधत घरभर आणि अंगणभर हिंडू लागला. एकेक फोटो विचार करून काढावा लागतो, म्हणून बेतही आदल्या रात्री ठरत.

छत्तीसपैकी एकोणतीस फोटो उत्तम आले. चारांत माणसांची डोकी कापली गेली, तीन हलले. आप्पांना ते नीट दिसले नाहीत. मी शेजारी बसून एकेक वर्णन करून सांगितला. माझा फोटो आला तेव्हा त्यांनी विचारले, "हसतेस ना?" मी म्हटले, "हो, आप्पा." ते म्हणाले, "आवाजावरून वाटलंच होतं."

नवी वस्तू घ्यायला पैसे लागतात. जुनी जागवायला थोडे धैर्य, एक बारीक पेचकस आणि दोन-तीन दुपारी पुरतात. पण प्रत्येक वस्तूत ते शक्य नसते. ज्याने घडवली त्याने ती पुन्हा उघडता येईल अशी घडवली असेल, तरच हे जमते. एरवी बंद पडली की संपली. म्हणून नवे काही घेताना मी हल्ली दुकानदाराला किंमत विचारण्याआधी विचारते, "याला स्क्रू आहेत का?"

आप्पांची दुसरी फिल्म चालू आहे. एकोणीस झाले, सतरा उरले आहेत.